कागद ठेवून जावा, उद्या सांगते!

घरात पैशाचा कुठलाही कागद आला की तो आधी आपल्या हातात येतो. कारण कॉलेजात जाणारे आपण, इंग्रजी वाचता येणारे आपण. पण आपण तो खरंच वाचतो का? माझ्या आत्याचे 40 हजार रुपये गेले तेव्हा हा प्रश्न मला पडला. त्या प्रश्नातून आमच्या गल्लीत सुरू झालेल्या एका ‘पिशवी क्लास’ची ही गोष्ट.

‘‘बघ की गं, काय लिवलंय ह्यात. विंग्रजी हाय समदं.’’

आत्याने कागद पुढे केला तेव्हा मी रील बघत होते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण तो कागद मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. जाड, गुळगुळीत, सोनेरी किनारीचा. वर मोठ्या अक्षरात सर्टिफिकेट असं लिहिलेलं, खाली लाल शिक्का. 18 महिन्यांत पैसे दुप्पट. आणणारा कुणी परका नव्हता, शेजारच्या गल्लीतलाच एक दादा. गणपतीत वर्गणी मागायला येणारा, आत्याला ‘मावशी’ म्हणणारा.

मी म्हटलं, ‘‘बघते गं थोड्या वेळाने.’’

थोड्या वेळाने आत्याने परत विचारलं. मी कागदावरून एक नजर फिरवली आणि म्हटलं, ‘‘हं, ठीक दिसतंय.’’

बस्स. एवढंच. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते.

आमचं गाव इचलकरंजी. म्हणजे यंत्रमाग. आत्या कांड्या भरायला जाते, आठवड्याला पगार होतो. त्यातून शंभर, दोनशे बाजूला काढत तिने चार वर्षांत 40 हजार साठवले होते. सात महिन्यांनी त्या ऑफिसच्या शटरला कुलूप लागलं. दादाचा फोन बंद. त्याचे स्वतःचे आणि सासुरवाडीचेही पैसे त्यात अडकले होते, हे नंतर कळलं. पोलिसांत तक्रार झाली, आत्याचंही नाव यादीत आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

त्या रात्री मी तो कागद पहिल्यांदा खरंच वाचला. मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, सातव्या ओळीत लिहिलं होतं की ही रक्कम ठेव नाही, वस्तू खरेदीसाठी दिलेली आगाऊ रक्कम आहे, आणि त्यावर परतावा मिळेलच अशी हमी कंपनी देत नाही.

सगळं लिहिलेलं होतं. मला वाचता येत होतं. मी वाचलं नाही.

आत्या मला एका शब्दानेही बोलली नाही. उलट म्हणाली, ‘‘तू तरी काय करणार? तुलाबी कळलं नसतं.’’ ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

घरातले बँक मॅनेजर आपणच!

जरा आठवून बघा. मागच्या महिन्याभरात घरातल्या किंवा शेजारच्या किती जणांनी तुमच्या हातात फोन दिला? ‘जरा बघ, हा मेसेज कसला आलाय.’ ‘गॅसची सबसिडी जमा झाली का सांग.’ ‘एवढं पाचशे रुपये मामाला पाठव.’ ‘बँकेने केवायसी मागितलंय, भरून दे.’

आपण काय करतो? फोन घेतो, पटापट बोटं चालवतो, पिन विचारतो, टाकतो आणि ‘झालं’ म्हणून फोन परत देतो. पंधरा सेकंदांत काम तमाम. आपल्याला वाटतं आपण मदत केली. केलीच. पण समोरच्या माणसाला त्यातलं काय कळलं? शून्य. पुढच्या वेळी आपण घरी नसू तेव्हा तो असाच फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देणार. एटीएमबाहेर उभ्या असलेल्या ‘मदत करू का काका?’ म्हणणाऱ्या माणसाच्या. किंवा फोनवरून गोड बोलणाऱ्या ‘बँकेतल्या साहेबां’च्या.

आर्थिक साक्षरता म्हटलं की आपल्याला एसआयपी, शेअर मार्केट, ‘पंचविशीत करोडपती’वाले रील आठवतात. त्यात वाईट काही नाही. पण ज्या गल्लीत आपण राहतो तिथे प्रश्न वेगळे आहेत. बचत गटाच्या कर्जावर नेमकं किती व्याज लागतंय? पासबुकातून 436 रुपये कोणी कापले? पतसंस्थेत ठेवलेले पैसे बँकेइतकेच सुरक्षित आहेत का? याची उत्तरं सांगायला रीलवाला आपल्या गल्लीत येत नाही. तिथे आपणच असतो.

आणि कुणी म्हणेल, ‘जाऊ दे ना, शिकलेले नाहीत, त्यांना काय कळणार’, तर त्याला म्हसवडची गोष्ट सांगायला हवी.

आम्हाला वाचता येत नाही, पण मोजता येतं

आमच्या इचलकरंजीहून सांगली, आटपाडी करत पुढे गेलं की सातारा जिल्ह्यातला माण तालुका लागतो. कायमचा दुष्काळी. त्या तालुक्यातलं गाव म्हसवड. चेतना गाला सिन्हा मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीत होत्या, लग्न करून म्हसवडला आल्या आणि तिथेच राहिल्या.

एक दिवस कांताबाई नावाची बाई त्यांच्याकडे आली. लोहारकाम करणारी, रस्त्याकडेला राहणारी. तिला बँकेत खातं उघडायचं होतं. रोज थोडे पैसे साठवायचे आणि पावसाळ्याआधी डोक्यावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा, एवढीच तिची मागणी. ती कर्ज मागत नव्हती, अनुदान मागत नव्हती. स्वतःचेच पैसे स्वतःच्या नावावर ठेवायचे होते. बँकेने खातं उघडून दिलं नाही. एवढ्या छोट्या रकमेचं खातं कशाला, असा हिशेब.

मग आपणच बँक काढू, असं ठरलं. रिझर्व्ह बँकेकडे परवान्यासाठी अर्ज गेला आणि फेटाळला गेला. कारण प्रवर्तक म्हणून ज्या बायकांची नावं होती त्या निरक्षर होत्या. चेतनाताई रडतच परत आल्या. बायका त्यांना म्हणाल्या, रडता कशाला? शिकू की आम्ही लिहायला-वाचायला आणि परत अर्ज करू!

दिवसभर राबून त्या संध्याकाळी वर्गात बसू लागल्या. पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज गेला. या वेळी चेतनाताई एकट्या नव्हत्या, 15 बायका सोबत होत्या. त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना सांगितलं की आम्ही लहान होतो तेव्हा शाळाच नव्हत्या, त्यात आमचा काय दोष? आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा. नाही आलं तर परवाना देऊ नका. आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता तेच गणित करायला सांगा, बघू कोण लवकर करतंय!

1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हा सगळा किस्सा चेतनाताईंनी 2018 मधल्या त्यांच्या टेड व्याख्यानात सांगितलाय, यूट्यूबवर जरूर बघा. त्याच वर्षी दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांमध्ये त्या होत्या.

पण मला त्या व्याख्यानातली दुसरीच एक गोष्ट जास्त आवडते. बँकेत यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, म्हणून बायकांच्या दारात जाऊन बँकेचे व्यवहार सुरू झाले. पुढे डिजिटल व्यवहार आले. पिन नंबर लक्षात ठेवायचा होता. बायकांना तो शिकवायचा प्रयत्न झाला. बायका म्हणाल्या, हा पिन काही बरोबर वाटत नाही, कुणीही चोरून आमचे पैसे काढेल. त्यापेक्षा अंगठा का नको? अंगठा कोण चोरणार?

विचार करा. सायबर सुरक्षेवरचं एकही लेक्चर त्यांनी ऐकलं नव्हतं. पण आपल्या घरात, आपल्या माणसांत पैसा कसा हातातून जातो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पुढे माणदेशीने बायकांसाठी व्यवसायाचं शिक्षण देणारी शाळा काढली, गावोगाव फिरणारी बस काढली, स्वतःचा कम्युनिटी रेडिओ सुरू केला. पण सुरुवात झाली ती बायकांनी ‘आम्हाला काय हवंय’ हे सांगितलं आणि कुणीतरी ते ऐकून घेतलं, इथून.

आम्ही नेमकं हेच विसरलो होतो.

पीपीटी फेल, पिशवी पास

आत्याच्या प्रकरणानंतर वर्गातल्या आम्ही चौघांनी ठरवलं की गल्लीत काहीतरी करायचं. एनएसएसला वर्षाचे 120 तास भरायचे असतातच, तेही भरतील. तरुण मंडळाची खोली मागितली, लॅपटॉप नेला, 32 स्लाइडचं पीपीटी बनवलं. पहिली स्लाइड: ‘आर्थिक नियोजनाचे महत्त्व’. दुसरी: ‘चक्रवाढ व्याजाची जादू’.

समोर चौदा बायका. तिसऱ्या स्लाइडला बाहेरून कुणीतरी ओरडलं, ‘‘पाणी आलंऽऽ!’’ आमच्याकडे नळाला पाणी येणं ही काय चीज आहे हे इचलकरंजीकरांना वेगळं सांगायला नको. दोन मिनिटांत खोली रिकामी. उरलो आम्ही चौघं आणि चक्रवाढ व्याजाची जादू.

पाणी भरून झाल्यावर एक काकू परत आल्या. हातात पिशवी होती. कापड दुकानातली, जुनी, गुंडाळलेली. म्हणाल्या, ‘‘ते टीव्हीवरचं ऱ्हाऊ दे पोरी. हे जरा वाचून सांग.’’

ती पिशवी तुमच्याही घरात आहे. गादीखाली, कपाटात साड्यांच्या मागे किंवा देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात. पासबुकं, कर्जाची कार्डं, विम्याच्या पावत्या, आधारच्या झेरॉक्स, कधीतरी भरलेल्या कुठल्यातरी योजनेच्या पोचपावत्या. अख्ख्या घराचा पैशाचा इतिहास त्या एका पिशवीत असतो आणि घरातल्या कुणीही तो पूर्ण वाचलेला नसतो.

त्या दिवशी आमचा पीपीटी संपला आणि पिशवी क्लास सुरू झाला. नियम साधा. रविवारी दुपारी, पाण्याची वेळ बघून, ज्याने त्याने आपली पिशवी घेऊन यायचं. कागद आम्ही वाचायचा, अर्थ सगळ्यांनी मिळून लावायचा. दुसऱ्याची रक्कम किती हे विचारायचं नाही. कुणाचाही पिन, ओटीपी आम्ही ऐकायचा नाही, आमच्यासमोर बोलायचाही नाही. आणि फोनचं काही काम असेल तर फोन ज्याचा त्याच्याच हातात राहील. बोटं त्यांची, आम्ही फक्त सांगणार.

हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यात अवघड गेलं. एक आजी गॅसचे पैसे आले का बघायला वीस मिनिटं लावतात, तेव्हा हात शिवशिवतात हो! पण तिसऱ्या आठवड्याला त्याच आजी तीन मिनिटांत बघतात.

दुसरी गंमत म्हणजे आम्ही शिकवायला गेलो आणि शिकून आलो. गल्लीत लिलावाची भिशी चालते. 20 जणी, प्रत्येकी 500, म्हणजे 10 हजार. जिला गरज ती कमी रकमेला बोली लावते. समजा एकीने 8,500 ला उचलली, तर उरलेले 1,500 वीस जणींत वाटायचे. प्रत्येकीला किती? मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत भिशीवाल्या काकूंनी ‘75’ सांगून पुढच्या बोलीला सुरुवातही केली होती. म्हसवडच्या बायकांवर माझा तेव्हा शंभर टक्के विश्वास बसला.

गणित येतंच. अडतं कुठे? कागदावरच्या भाषेत आणि प्रश्न विचारायच्या संकोचात.

पिशवीतून काय काय निघालं?

जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा आले ते तुमच्याकडेही येणार. म्हणून तेवढे नीट समजून घ्या.

एक, ‘महिना एक टक्का’ म्हणजे किती? एका काकूंनी 50 हजारांचं कर्ज घेतलं होतं, दोन वर्षांसाठी. एजंट म्हणाला, महिना फक्त एक टक्का. म्हणजे वर्षाचे 12 टक्के, असंच कुणालाही वाटेल. पण हिशेब असा लावला होता: महिन्याला 500 व्याज, 24 महिन्यांचे 12 हजार, एकूण 62 हजार, म्हणजे हप्ता साधारण 2,583 रुपये. यात मेख कुठेय? वर्षभराने निम्मी मुद्दल परत गेलेली असते, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 50 हजारांवरच चालू. उरलेल्या रकमेवर व्याज धरून हाच हप्ता मोजला तर खरा दर निघतो वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास! म्हणून विचारायचा प्रश्न एकच, ‘व्याज सगळ्या रकमेवर की उरलेल्या रकमेवर?’

महिलांना घरोघरी वाटल्या जाणाऱ्या सूक्ष्म कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे 2022 चे नियम आहेत आणि ते गल्लीत कुणालाच माहीत नव्हते. कर्जाची माहिती कर्जदाराला कळेल अशा भाषेत लिहून द्यावी लागते. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. विमा घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. वसुलीवाल्याने सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ, धमकी तर अजिबातच नाही. हे ऐकल्यावर खोलीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक जण हळूच म्हणाली, ‘‘आमच्याकडं तर रात्री नवाला येऊन बसतात.’’

दोन, दामदुप्पट. मजा बघा, जुन्या काळी दामदुपट हा कर्जदाराला वाचवणारा नियम होता. सावकाराचं थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे. आज तोच शब्द गंडवायला वापरतात. यावर सोपी युक्ती आहे 72 ची. 72 ला व्याजदराने भागा, पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं. 6 टक्के असतील तर 12 वर्षं. 8 टक्के असतील तर 9 वर्षं. उलटंही करता येतं. आत्याला दीड वर्षात दुप्पट देणार होते. 72 भागिले दीड, म्हणजे 48 टक्के! आणि हे ढोबळ गणित आहे, एवढ्या मोठ्या दराला खरा आकडा त्याहून जास्तच निघतो. मुदत ठेवीवर 6-7 टक्के मिळत असताना हा माणूस एवढे कुठून आणणार? तर नंतर येणाऱ्यांच्या खिशातून. नवे लोक यायचे थांबले की शटर खाली. कंपनीला ठेवी घ्यायची परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर बघता येतं, तिथे तक्रारही करता येते.

तीन, बँक बुडाली तर? 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते. पुढे फेब्रुवारी 2020 मध्ये ठेवींवरच्या विम्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख झाली. म्हणजे एका बँकेत एका व्यक्तीचे व्याजासकट 5 लाखांपर्यंतचे पैसे विम्याखाली येतात. सहकारी बँकाही यात आल्या. पण पतसंस्था, भिशी आणि खासगी कंपन्यांच्या योजना यात नाहीत. याचा अर्थ पतसंस्था वाईट असा नाही, अनेक पतसंस्था वर्षानुवर्षं चोख चालतात. पण सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवण्याआधी हा फरक माहीत हवा. आमच्या वर्गात ‘बँक’ आणि ‘पतसंस्था’ यात फरक असतो हेच निम्म्या जणींना पहिल्यांदा कळलं. खरं सांगायचं तर आमच्यातल्या एकालाही!

चार, पासबुकातले 20 आणि 436. एक मावशी चिडल्या होत्या. ‘‘बँक दरवर्षी गुपचूप पैसे खाती, मी खातंच बंद करनार.’’ पासबुक उघडलं तर नोंद होती 20 रुपये आणि 436 रुपये. 20 रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूसाठी 2 लाखांचा विमा. 436 म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तर 2 लाख. दोन्ही 1 जून ते 31 मे अशा वर्षासाठी असतात आणि हप्ता खात्यातूनच वळता होतो. मावशींनी कधीतरी फॉर्मवर सही केली होती, कुणी सांगितलं नव्हतं कशावर.

आता पुढचा विचार करा. विमा आहे हे जिवंत माणसालाच माहीत नाही, तर त्याच्या माघारी घरच्यांना कसं कळणार? दोन लाख रुपये कुणी दारात आणून देत नाही, मागावे लागतात. म्हणून तुमच्या घरातल्या प्रत्येक पासबुकात या दोन नोंदी आहेत का ते आजच बघा आणि वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय तेही बघा. आमच्या खोलीत अकरा पासबुकं उघडली, चारांवर वारसाचं नावच नव्हतं.

पाच, फोन. इथे तीनच वाक्यं पाठ करून घेतली. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन द्यायला लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान जर एपीके फाइल असेल तर उघडायची नाही. आणि फोनवर ‘डिजिटल अरेस्ट’ करणारा पोलिस खोटाच असतो, कायद्यात असली अटकच नाही. तरीही फसवणूक झालीच तर रडत बसायचं नाही, लाजायचं नाही, लगेच 1930 ला फोन लावायचा. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येण्याची शक्यता असते.

आणि आपलं काय?

सगळ्यांना शिकवता शिकवता एक गोष्ट लक्षात आली. ‘आम्हाला सगळं कळतं’ म्हणणारे आपणही फार शहाणे नाही.

आमच्याच कॉलेजच्या एका मुलाला कुणीतरी सांगितलं, ‘‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो. गेमिंग कंपनीचं काम आहे.’’ त्याला वाटलं सोपे पैसे. एटीएम कार्ड आणि सिम देऊन टाकलं. त्या खात्यातून दुसऱ्या राज्यातल्या फसवणुकीचे पैसे फिरले. खातं गोठवलं आणि चौकशीला पोलिसांची नोटीस आली ती त्याच्या वडिलांच्या पत्त्यावर. खातं भाड्याने देणं म्हणजे चोराला आपलं नाव वापरायला देणं, तिथे ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सहज सुटका होत नाही.

दोन मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅप, ‘आता घ्या, नंतर पैसे द्या’वाली खरेदी, टेलिग्रामवरच्या टिप्स... आपल्यासाठी सापळे वेगळे आहेत एवढंच. आत्याकडे सोनेरी किनारीचा कागद आला, आपल्याकडे चकचकीत स्क्रीन येते. वाचायचा कंटाळा मात्र दोन्हीकडे तोच. आत्याला निदान वाचता येत नव्हतं. आपण तर ‘आय अ‍ॅग्री’ डोळे मिटून दाबतो.

एकट्याने नाही, मिळून

हे सगळं करायला तुम्ही तज्ज्ञ असायची गरज नाही. ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ हे म्हणता आलं पाहिजे. आम्ही ते वाक्य पहिल्या महिन्यात किमान पन्नास वेळा म्हटलं असेल. विचारायला जागा आहेत. प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक नेमलेली असते, तिच्यामार्फत वित्तीय साक्षरता केंद्र चालतं. तिथल्या समुपदेशकांना गल्लीत बोलावता येतं, त्यासाठी पैसे लागत नाहीत. बँकेविरुद्ध तक्रार करून 30 दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, 14448 वर माहिती मिळते. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर दरवर्षी कुठल्यातरी गावात होतंच. रस्ते झाडण्यासोबत एक दुपार गावातल्या पिशव्या उघडायला ठेवली तर?

एकच काळजी घ्या. सल्ला देऊ नका. ‘इथे पैसे गुंतवा, तिथे काढा’ हे आपलं काम नाही. कागदावर काय लिहिलंय ते सांगायचं, कुठला प्रश्न विचारायचा ते सांगायचं. निर्णय ज्याचा पैसा त्याचा.

परवाचीच गोष्ट. मी घरी अभ्यास करत होते. दारात एक माणूस आला, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. कसलीशी आरोग्य विम्याची योजना होती. चांगली असेलही, मला माहीत नाही. ‘‘मावशी, आजच शेवटचा दिवस आहे बरं का! फक्त इथे सही करा.’’

माझा हात उठायला टेकला होता. पण आत्या उंबऱ्यातच उभी राहिली. पदर खोचून म्हणाली, ‘‘कागद ठेवून जावा. वाचून उद्या सांगते.’’

‘‘अहो, पण उद्या स्कीम बंद होईल.’’

‘‘होऊ द्या की. जी उद्यापातुर टिकत न्हाई ती म्हातारपणापातुर काय टिकनार?’’

माणूस कागद न ठेवताच गेला. आत्या आत आली आणि मला म्हणाली, ‘‘बसलीस काय बघत? चहा ठेव.’’

तिचे 40 हजार अजून आलेले नाहीत. येतील की नाही, सांगता येत नाही. पण आता आमच्या गल्लीत कुठलाही एजंट आला की निदान सात-आठ दारांत त्याला हेच वाक्य ऐकायला मिळतं. कागद ठेवून जावा, उद्या सांगते.

तुमच्या घरातली पिशवी कुठे ठेवलीय, माहितीये? आज संध्याकाळी जरा विचारा.

सही करण्याआधी विचारा

• हे कर्ज आहे, ठेव आहे की विमा? एका शब्दात सांगा.
• व्याज पूर्ण रकमेवर की उरलेल्या रकमेवर?
• एकूण किती रुपये परत करायचे? हप्ता नको, एकूण आकडा सांगा.
• मध्येच पैसे हवे असतील किंवा कर्ज लवकर फेडायचं असेल तर काय?
• तक्रार करायची झाली तर कुठे? पत्ता कागदावर आहे का?
• कागद घरी ठेवून घेता येईल का? ‘नाही’ म्हणाले, तर आपलंही उत्तर ‘नाही’!